चैत्रातले फोटो: काठीचा शेंडा, गौरीचं पाऊल आणि रोजचा कॅमेरा

माळावरचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचतोय, फोटोंच्या धाग्यांवर अधूनमधून प्रतिसादही दिलेत, पण स्वतःचा धागा हा पहिलाच. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी मूळचा साताऱ्याचा, नोकरी पुण्यात. कॅमेरा निकॉन डी ५६००, त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आणि नंतर पैसे साठवून घेतलेली ३५ एमएम, एवढंच सामान. या वर्षी (२०२५) माघ लागला तेव्हा ठरवलं की अक्षय्य तृतीयेपर्यंत रोज एक तरी फोटो काढायचा, मग तो ऑफिसच्या वाटेवरचा का असेना. आतापर्यंत चार दिवस चुकलेत, त्यातले दोन तापाचे.

पहिला महिना पळसानेच घेतला. शिरवळच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक एकटाच पळस आहे, घरी जाताना दर वेळी तिथे थांबतो. सुरवातीचे फोटो सगळे वाया गेले. डोळ्याला फुलं दिसतात केशरी, पाकळीवर बारीक मखमली लव, खाली काळपट देठ, आणि फोटोत नुसता लाल रंगाचा गोळा, पाकळी कुठे संपते तेच कळत नाही. नंतर लक्षात आलं की कॅमेऱ्याचा मीटर (उजेड मोजणारा) सगळ्या फ्रेमची सरासरी धरतो आणि तेवढ्यात एकटा लाल रंग जळून जातो. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघितला तर सगळं ठीक दिसतं, तिन्ही रंगांचे वेगवेगळे बघितले की लाल उजव्या भिंतीला टेकलेला. तेव्हापासून पळस, पांगारा, काटेसावर, जे काही लाल असेल त्याला एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली (म्हणजे उजेड जवळपास निम्मा) घेतो आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढतो. लव दिसायला लागली.

पण धागा काढायचं कारण पळस नाही.

आमच्याकडे चैत्रगौर बसते. तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर आजी सकाळी अंगणात चैत्रांगण काढते. ती ८४ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, तरी पाटावर बसून काढते. मधे झोपाळ्यात गौर, मग सूर्य चंद्र, तुळस, शंख, कमळ, कासव, नाग, हत्ती, आरसा, फणी, करंडा, गोपद्म, आणि शेवटी पावलं. या वर्षी पाडवा रविवारी ३० मार्चला होता, मी तीन दिवस सुट्टी टाकून तृतीयेपर्यंत घरीच राहिलो. साडेसातचं ऊन दारातून आडवं येतं तेव्हा आजीच्या चिमटीतून रांगोळी पडताना तिची धार दिसते, आणि त्या धारेची सावली जमिनीवर धारेच्या आधी पोचते. चाळीसेक फोटो काढले, सगळे हातांचे. अंगठ्याचं नख मधून चिरलेलं आहे, त्या चिरेत पांढरी रांगोळी बसलेली. मला वाटलं या वर्षातला हाच फोटो.

मी प्रिंट काढतो. २०२२ मध्ये माझी हार्ड डिस्क गेली, त्यात भाच्याच्या बारशापासून पहिल्या पावलापर्यंतचं सगळं होतं, ते परत मिळालं नाही. शिवाय आजीला मोबाईलवर काही दिसत नाही, ती म्हणते तुझ्या फोटोला हात लावला की तो पळतो. म्हणून दर महिन्याला वीसेक प्रिंट करून घरी नेतो.

तर हा फोटो प्रिंट करून आजीच्या हातात दिला. तिने चष्मा लावला, खिडकीपाशी गेली, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "हे काय रे, नागाचं शेपूट कापलंस. आणि गौरीचं एकच पाऊल आलंय. माझे हात कशाला काढलेस, ते काय रोज दिसतात."

दुसरी गोष्ट जोतिबाची. आमचं कुलदैवत. मागच्या वर्षी २३ एप्रिलला चैत्र पौर्णिमा होती, डोंगरावर गेलो होतो. एका सासनकाठीपाशी (यात्रेत गावोगावचे लोक नाचवतात ती मानाची उंच काठी) एक आजोबा तोरणी धरून उभे होते (तोरण्या म्हणजे काठीचा तोल सांभाळायला चारी बाजूंनी धरलेले दोर). भुवयांत गुलाल, सुरकुत्यांत गुलाल, आणि नजर वर शेंड्याकडे. ३५ एमएमने काढलेला, आजवरचा माझा सगळ्यात चांगला फोटो म्हणून मी तो सगळ्यांना दाखवत होतो. तेव्हा त्यांना म्हणलं होतं पाठवून देतो, तर ते म्हणाले पाठवतोस कशाला, पुढच्या साली ये की, आमी हितंच असतोय.

यंदा पौर्णिमा १२ एप्रिलला, शनिवारी होती. ८ बाय १२ ची प्रिंट पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून घेऊन गेलो. काठी शोधायला दीड तास गेला. सापडले. धोतराला हात पुसले, प्रिंट लांब धरून बघितली, उलटी करून मागची बाजूही बघितली. मग मला विचारलं, "काठी कुठाय?"

मी म्हणलं आजोबा, हा तुमचा फोटो आहे.

"व्हय, त्ये दिसतंय. पण मी काय बघतोय वर, त्ये दिसाय नगं? शेंडा पायजे हुता."

रागावून नाही बोलले, समजावून सांगितल्यासारखं बोलले. प्रिंट खोबऱ्याच्या पिशवीत नीट घडी न पडू देता ठेवली, माझ्या कपाळाला गुलाल लावला आणि दोर धरायला परत गेले.

आठवडाभर हेच डोक्यात आहे. दोघांनी एकच गोष्ट सांगितली. मी माणसाचा फोटो काढत होतो आणि माणूस सांगत होता की मी जिकडे बघतोय ते काढ. इतकी वर्षं आपण जवळ जा, फ्रेम रिकामी कर, चेहरा धर हेच शिकत आलो. तुम्ही ज्याचा फोटो काढता त्याला तो दाखवता का, हातात देता का? आणि ते काय म्हणतात?

---

करवीरकर

चांगभलं! आमचं गाव पायथ्यालाच, त्यामुळे राहवलं नाही.

आजोबा बरोबर बोलले भावा. सासनकाठी म्हणजे नुसता बांबू नव्हे, गावचा मान आहे. पाडळीच्या काठीचा पहिला मान, मग बाकीच्या ठरलेल्या क्रमानं. माणसं वर्षानुवर्षं तीच तोरणी धरतात, बापाच्या हातातनं पोराच्या हातात येती. काठी नाचवताना खाली बघायचंच नसतंय, सगळ्यांची नजर शेंड्यावर, तिथं जरा कलली की इकडचा दोर ढिला तिकडचा ताठ. त्यामुळं "मी काय बघतोय" हे शब्दशः खरं आहे, ते त्यांचं काम आहे.

आता शेंड्याचं. काठी तीस-पस्तीस फूट, गर्दीत खाली उभं राहून वर कॅमेरा केला तर काठी वर निमुळती होती आणि माणसं ठेंगणी दिसतात. घराच्या गच्चीवर किंवा पायऱ्यांच्या वरच्या टप्प्यावर जा. काठीच्या निम्म्या उंचीला आलास आणि तीसेक फूट लांब राहिलास तर तुझ्या १८ ला उभ्या फ्रेममध्ये तळापासून शेंड्यापर्यंत बसंल, मी तसंच काढतो. दुपारी जागा धरायची, लोक चहा पाजून बसवून घेतात. संध्याकाळी पालखी यमाईला जाती तेव्हा ऊन आडवं असतंय आणि हवेतला गुलाल पेटल्यासारखा दिसतो, तो अर्धा तास सोडू नकोस.

गुलालाचं सगळ्यांसाठी सांगतो. डोंगरावर लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. घरनंच एक लेन्स लावून निघायचं. जाड प्लॅस्टिकची पिशवी, पुढं भोक पाडून रबरबँडनं लेन्सला घट्ट, पुढं साधा यूव्ही फिल्टर. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग ब्रश, ओलं फडकं अजिबात नाही, ओला झाला की गुलाल रंग सोडतो आणि रिंगच्या खाचेत जाऊन बसतो. माझी एक झूम अशीच गेली.

---

वऱ्हाडी पाखरू

छान लिहिलंय दादा. पळसाचं वाचून थांबलोच.

आमच्याकडे फागुनात जंगल बघावं, पान एक नाही आणि सगळीकडे आग लागल्यागत. लहानपणी होळीच्या आदल्या दिवशी आम्ही पोतंभर फुलं गोळा करून आणायचो, आई मोठ्या गंजात उकळायची, सकाळी तो पिवळा केशरी रंग. आता मी तेच झाड पक्ष्यांसाठी बघतो. पळसाला मध भरपूर, सकाळी सात ते नऊ एका झाडावर साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कोतवाल, हळद्या, सगळे येऊन जातात, चोच आणि कपाळ परागाने पिवळं करून घेतात. पक्ष्यामागे फिरायचं नाही, एक उघडी फांदी धरायची, सूर्य पाठीशी ठेवायचा आणि बसायचं, पक्षी तुमच्याकडे येतो.

संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, हा पोपट तर नाही ना असा त्याचा अर्थ. ती खालची वाकडी पाकळी बाजूने बघा, हुबेहूब पोपटाची चोच. पळस समोरून काढू नका, बाजूने काढा, तरच तो पळस दिसतो.

---

सुईदोरा

धागा वाचून रडू आलं, आणि तरी मला असहमती नोंदवायची आहे.

माझी आई २०१९ ला गेली. तीही चैत्रांगण काढायची. माझ्याकडे तिच्या रांगोळ्यांचे फोटो आहेत, वडिलांनी काढलेले, सगळे वरून, सगळे पूर्ण, एकही आकृती कापलेली नाही. आईला असेच आवडायचे, कुणी मधे आलं तर ती बाजूला हो म्हणायची. त्या एकाही फोटोत ती नाही. तिच्या उजव्या हाताच्या करंगळीला भाजल्याचा डाग होता, तो नक्की कुठल्या बाजूला होता हे आता मी आणि माझी बहीण दोघी वेगवेगळं सांगतो.

आजी म्हणतात हात रोज दिसतात. त्यांना दिसतात. तुम्ही पुण्यात असता, तुम्हाला रोज दिसत नाहीत. त्यांना हवा तसा फोटो त्यांना द्याच, पण तुमचा तो चिरलेल्या नखाचा फोटो फक्त त्यांना आवडला नाही म्हणून मागे टाकू नका. तो त्यांच्यासाठी नाहीच आहे.

---

माळावरचा

@सुईदोरा, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला, लगेच उत्तर देता आलं नाही. मी तो फोटो खरंच फोल्डरमधून बाजूला केला होता. परत आत घेतला, त्याची दुसरी प्रत बहिणीकडे पाठवली. तुमच्या वडिलांनी काढलेल्या फोटोंच्या कडांना एकदा नीट बघाल का? माझ्या आजोबांनी काढलेल्या जुन्या फोटोंत असं एकदा सापडलंय, पदराचा काठ किंवा पाटाशेजारचा हात कोपऱ्यात आलेला असतो.

@करवीरकर, गच्चीचं गणित लिहून ठेवलं. पुढच्या वर्षी चहाला येतो.

---

डार्करूम

मी बावीस वर्षं स्टुडिओत प्रिंटिंग केलं, आधी रोलवर, नंतर डिजिटल. एक विचारतो, आजींना दिलेली प्रिंट कुठल्या मापाची होती?

कारण तुमच्या कॅमेऱ्याची फ्रेम ३:२ आहे. ४ बाय ६ आणि ८ बाय १२ ला ती जशीच्या तशी बसते. ५ बाय ७ केली की लांबीकडून थोडं कापलं जातं, ८ बाय १० ला तर बरंच. काउंटरवरचा मुलगा सांगत नाही, मशीन आपोआप मधोमध धरून कडा उडवतं. लग्नाच्या ग्रुप फोटोत टोकाला उभे असलेले काका अर्धे का होतात, तर यामुळे. लोक फोटोग्राफरला बोलतात.

प्रिंट देताना "फिट" सांगा, "फिल" नको. कडेला पांढरी पट्टी येईल, येऊ द्या. आणि गुलालाचे, पळसाचे फोटो प्रिंटला देताना एसआरजीबी (रंगांचा नेहमीचा साचा) करून द्या, नाहीतर दुकानातल्या मशीनवर रंग फिका, मेल्यासारखा येतो. म्हाताऱ्या माणसांसाठी ग्लॉसी पेपर नको, खिडकीपाशी धरलं की नुसतं ऊन चमकतं. मॅट द्या.

---

माळावरचा

५ बाय ७ होती!! आत्ता फाइल उघडून बघितली. नागाचं शेपूट फाइलमध्ये पूर्ण आहे, वेटोळ्यासकट, डावीकडे अगदी कडेला. म्हणजे ते दुकानात कापलं गेलं. गौरीचं पाऊल मात्र मीच सोडलं होतं, ते फाइलमध्येही नाही. आजीला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली शेपूट सापडलं ना, बरं झालं, पण पाऊल बघ.

---

पोटोमॅककाठी

मी गेली अकरा वर्षं वॉशिंग्टन डीसीच्या जवळ राहते. इथला वसंत म्हणजे टायडल बेसिन या तळ्याभोवतीचे चेरी. १९१२ साली टोकियो शहराने भेट दिलेल्या ३००० च्या वर झाडांपासून ही सुरवात. यंदा पूर्ण बहर २८ मार्चला होता आणि ३० ला पाडवा, म्हणजे शनिवारी सगळं गाव तिथे आणि आम्ही सकाळी साडेपाचलाच कॅमेरे घेऊन. तुमच्या पळसाच्या बरोबर उलट प्रॉब्लेम, फूल जवळजवळ पांढरं, मीटर त्याला राखाडी करून टाकतो, तिथे एक्स्पोजर वर न्यावं लागतं.

दुसऱ्या दिवशी बाल्कनीत गुढी उभारली. कडुलिंब इथे मिळत नाही, आंब्याचा टाळा इंडियन ग्रोसरीतून फ्रोझन पॅकमधला. मुलीने फोटो काढला आणि सासूबाईंना नाशिकला पाठवला. त्यांचं पहिलं वाक्य, "कलश तिरका का आहे?" गुढीचा फोटो मागे घेऊन परत काढायला लावला, कलश सरळ करून, मागे ती चेरीची झाडं येतील असा. दुसरा फोटो त्यांनी देवघरात ठेवलाय. मुलगी बारा वर्षांची आहे, तिने तुमचा धागा मला मोठ्याने वाचायला लावला आणि विचारलं की आजोबांना शेंड्याचा फोटो मिळाला का.

---

गोंयकार

शिगम्यात (आमची गोव्याची होळी) माझा बाबा रोमटात, म्हणजे ढोल-ताशाच्या मिरवणुकीत, ढोल वाजवतो. गेल्या साली मी त्याचे फोटो काढायला पहिल्यांदा पुढे गेलो, तोवर मी मेळात ताशावर असायचो. रात्री घरी आल्यावर त्याला लॅपटॉपवर दाखवले. त्याने सगळे बघितले, एकही नाव ठेवलं नाही, शेवटी एवढंच म्हणाला की तू नव्हतास त्यामुळे डाव्या बाजूचा ठेका पडत होता. यंदा अर्धी मिरवणूक ताशा, अर्धी कॅमेरा केलं. फोटो कमी मिळाले, पण कुठल्या क्षणाला हात वर जातो ते मला आता आधी कळतं, त्यामुळे मिळाले ते सगळे नेमके आहेत.

---

घंटानाद

थोडं विषयाला धरून. देवळात कॅमेरा काढायचा की नाही याचं तुम्ही काय करता? मी गाभाऱ्यात कधीच काढत नाही, बहुतेक ठिकाणी मनाई असतेच आणि असायला पाहिजे. पण सभामंडपात? जोतिबाचं मुख्य देऊळ १७३० साली राणोजी शिंद्यांनी बांधून घेतलेलं, तो काळा दगड, आत येणारा एकच उजेड, तिथे हात शिवशिवतातच.

---

माळावरचा

@घंटानाद, माझा नियम साधा आहे. आधी दर्शन, मग कॅमेरा. ओळीत उभा असताना तो पिशवीत. मंडपात फ्लॅश कधीच नाही, ३५ एमएम पूर्ण उघडी, आयएसओ ३२०० आणि १/६० वर काम होतं, दाणे येतात पण दगडाला ते शोभतात. आणि डोळे मिटून हात जोडलेल्या माणसाचा मी काढत नाही. तो तिथे एकटा असतो. आजोबांचं वेगळं, ते काठीपाशी होते, सगळ्या गावासोबत.

@पोटोमॅककाठी, लेकीला सांगा, अजून नाही. पण परवा माझ्या जुन्या फाइली चाळताना मागच्या वर्षीचीच एक फ्रेम सापडली, १८ ला काढलेली, तेव्हा गर्दी फार आणि आजोबा छोटे दिसतात म्हणून टाकून दिलेली. त्यात काठी पूर्ण आहे, शेंड्याचा फरारा वाऱ्यावर उघडलेला, आणि तळाशी चौघे दोर धरून, चौघांच्याही माना वर. आजोबा डावीकडून दुसरे. एकदा मी ती डिलीट करणार होतो. गावाचं नाव माहीत आहे, ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पाठवायची का पुढच्या वर्षी हातात द्यायची ठरत नाहीये.

---

करवीरकर

पोस्टानं नको. गाव सांग व्यनित (खासगी निरोपात), कऱ्हाडच्या बाजूचं असंल तर माझा मेव्हणा तिकडं दर आठवड्याला जातो. पण खरं सांगू का, तूच जा. पुढची पौर्णिमा वर्षानं आहे.

---

सुईदोरा

@माळावरचा, कडा बघितल्या. सव्वीस फोटो होते. एकात उजवीकडे खाली बोटांची टोकं आली आहेत, तीन बोटं, रांगोळीची वाटी उचलताना. करंगळी त्यात नाही. पण मधल्या बोटातलं वेढणं आहे. बहिणीला पाठवलं.

---

माळावरचा

हे वाचून घरी आईलाही दाखवलं.

बुधवारी ३० तारखेला अक्षय्य तृतीया, गौरीचं शेवटचं हळदीकुंकू. सकाळी सहाला साताऱ्यात पोचतोय. आजीशी बोलणं झालंय, त्या दिवशी ती चैत्रांगण नेहमीपेक्षा मोठं काढणार आहे, मी माळ्यावरची शिडी तुळशीपाशी लावून वरून १८ ला पूर्ण घेणार, चारी बाजूंना वीतभर मोकळी जागा सोडून. तिने अट घातलीय की आधी रांगोळी पुरी होऊ दे, मग शिडी लाव, वरून माती पडेल. हात मी त्याआधी काढून घेतो, ती डाळ वाटायला बसते तेव्हाही काढतो. आणि त्याच आठवड्यात आजोबांच्या गावाला जाऊन येतो. दोन्हीच्या प्रिंट ८ बाय १२, मॅट, फिट.